एका दिवसात डिस्नेची चारही पार्क: कसं जमवायचं आणि कुठे फसतं

आमच्याकडे फ्लोरिडात टॅम्पाला भारतातून कुणीही पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता विषय निघतोच, डिस्ने. आणि पुढचं वाक्य पण ठरलेलं असतं, "आमच्याकडे एकच दिवस आहे गं, सगळं बघून होईल ना?" आता सगळं म्हणजे काय ते आधी सांगते. ऑरलँडोजवळचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे एक पार्क नाहीये, चार आहेत: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि ॲनिमल किंगडम (१९९८). शिवाय दोन वॉटर पार्क, त्यांच्याकडे आज बघायचं पण नाही. सगळा परिसर मिळून साधारण १०० चौरस किलोमीटर, म्हणजे एका पार्कातून दुसऱ्यात चालत जाऊ असं डोक्यात असेल तर ते काढून टाका (एक जोडी सोडून, ते पुढे येईल).

पण आपण अष्टविनायक दोन दिवसांत उरकणारी माणसं, त्यामुळे चार पार्क एका दिवसात म्हटल्यावर कुणी हटत नाही. मी हे दोनदा केलंय. पहिल्यांदा तीनच झाली, चौथ्याच्या दारातून परत आले आणि वर गाडी भलतीकडेच राहिली, सगळी चूक माझी. दुसऱ्यांदा नाशिकहून मामेभाऊ, वहिनी, त्यांची दोन मुलं (१३ आणि ६) आणि माझी आई असं लटांबर घेऊन गेले आणि चारही झाली. तेव्हा जे कळलं ते असं की या दिवसाचा वेळ राईडमध्ये जात नाही, दोन पार्कांच्या मधे जातो. त्यामुळे खालचं बरंचसं बस, तारेवरचे पाळणे आणि मोनोरेलबद्दलच आहे, राईडची यादी हवी असेल तर ती डिस्नेच्या ॲपमध्ये मिळते.

१. आधी हे तुमच्यासाठी आहे का ते ठरवा

पाच वर्षांच्या आतली मुलं असतील आणि पहिल्यांदाच जात असाल तर हे करू नका, सरळ एकट्या मॅजिक किंगडमला जा आणि दिवसभर तिथेच रहा. चार पार्कांचा प्रकार अशांसाठी आहे ज्यांच्याकडे खरंच एकच दिवस आहे, जे चालू शकतात, आणि जे "अरे ते राहिलं" म्हणून तोंड पाडून बसत नाहीत. राहणारच आहे. माझा हिशोब एका पार्कात दोन गोष्टी, तिसरी मिळाली तर बोनस. माझ्या घड्याळानं त्या दिवशी ३१ हजार पावलं दाखवली, आणि मी आईबरोबर हळू चालत होते.

ज्येष्ठ मंडळी असतील तर व्हीलचेअर भाड्याने मिळते. ती एका पार्कातून दुसऱ्यात नेता येत नाही पण पावती जपून ठेवली तर त्याच दिवशी पुढच्या पार्कात पुन्हा पैसे न भरता दुसरी मिळते, शिल्लक असेल तर. मुलांच्या ढकलगाडीचं पण तसंच. आईला व्हीलचेअर म्हटल्यावर राग आला, "मी काय म्हातारी झाले का", मग आम्ही सामान ठेवायला म्हणून घेतली, आणि दुपारी दोन वाजता सामान खाली ठेवून ती स्वतःच तिच्यात जाऊन बसली.

२. तिकीट

साधं तिकीट घेतलं तर दिवसाला एकच पार्क. चार करायची तर तिकिटावर पार्क हॉपर हा ऑप्शन हवाच. मधे काही वर्षं असा नियम होता की दुसऱ्या पार्कात दुपारी २ नंतरच जाता येईल, तो ९ जानेवारी २०२४ पासून गेला, आता सकाळपासून कधीही उड्या मारा. तारखेच्या तिकिटाला पार्कचं वेगळं रिझर्वेशन करायची भानगड पण तेव्हापासून नाही. जुने व्हिडिओ बघून लोक अजून घाबरतात म्हणून सांगितलं.

भाव तारखेप्रमाणे बदलतो, आणि हॉपरशिवायच माणशी शंभर डॉलरच्या वर जातो, तेव्हा मन घट्ट करून मगच वेबसाईट उघडा. ३ वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही, ३ ते ९ लहान मुलांचं, १० पूर्ण झाली की मोठ्यांचं.

इथे दोन ठिकाणी माणसं फसतात. एक म्हणजे फ्लोरिडात राहणाऱ्यांसाठी स्वस्त तिकिटं असतात, ती पाहुण्यांच्या नावावर काढू नका, मोठ्या माणसांना फ्लोरिडाच्या पत्त्याचा पुरावा लागतो आणि नाशिकचं आधार कार्ड तिथे चालत नाही. दुसरं म्हणजे हायवेच्या कडेला "स्वस्त तिकीट" चे बोर्ड लावलेली दुकानं, आणि कुणीतरी ओळखीतून विकत असलेली उरलेल्या दिवसांची तिकिटं. गेटवर तिकिटाबरोबर बोट स्कॅन होतं, दुसऱ्यानं वापरलेलं तिकीट तुम्हाला चालणार नाही, पैसे पाण्यात.

३. तारीख (इथेच माझी पहिली खेप बुडाली)

नाताळ ते न्यू इयरचा आठवडा आणि मार्च-एप्रिलमधला स्प्रिंग ब्रेक सोडून द्या, त्या गर्दीत दोन पार्क झाली तरी पुष्कळ. जून ते सप्टेंबर दुपारी ढग भरून येतात आणि विजा कडाडल्या की उघड्यावरच्या राईड बंद करतात. जानेवारीचा शेवट, फेब्रुवारीची सुरुवात हे मला सगळ्यात बरं वाटलं, हवा पण छान असते.

मी पहिल्यांदा सप्टेंबरमध्ये गेले, गर्दी कमी असते म्हणून. गर्दी कमीच होती. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर हॅलोविनच्या आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ख्रिसमसच्या, ठरावीक रात्री मॅजिक किंगडममध्ये वेगळ्या तिकिटाची पार्टी असते आणि त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांसाठी पार्क संध्याकाळी ६ लाच बंद होतं. मी कॅलेंडर बघितलंच नव्हतं. पावणेसातला घामाघूम होऊन गेटवर पोचले तर समोरून लोक चेटकिणी आणि चाचे बनून आत चाललेले, आणि मी बाहेर. तेव्हा तारीख ठरवताना चारही पार्कांच्या वेळा आणि पार्टीच्या रात्री ॲपच्या कॅलेंडरमध्ये बघा. पार्टीची रात्र टाळता येत नसेल तर मॅजिक किंगडम सकाळी आधी करा आणि शेवट एपकॉटला ठेवा, आतषबाजी तिथे पण असते. शिवाय कुठली राईड दुरुस्तीला बंद आहे तेही त्याच वेळी बघून घ्या, एखादी बंद असतेच.

४. क्रम

पार्टी नसेल त्या दिवशी माझ्या मते एकच क्रम आहे: ॲनिमल किंगडम, मग हॉलिवूड स्टुडिओज, मग एपकॉट, शेवटी मॅजिक किंगडम.

ॲनिमल किंगडम सगळ्यात लवकर उघडतं आणि लवकर बंद होतं, शिवाय सफारीतली जनावरं सकाळी गार हवेत हिंडताना दिसतात, दुपारी ती पण आपल्यासारखी सावलीत आडवी. मॅजिक किंगडम उशिरापर्यंत चालू असतं आणि किल्ल्यावरची आतषबाजी रात्रीच. मधल्या दोघांना जोडणारा रोपवे आहे. कोण कुठून कशानं जातं ते पाठच करून टाका:

ॲनिमल किंगडम ते हॉलिवूड स्टुडिओज: बस. ॲनिमल किंगडमला दुसरं काहीही जात नाही, बस किंवा गाडी.

हॉलिवूड स्टुडिओज ते एपकॉट: स्कायलायनर, म्हणजे तारेवरचे पाळणे, २०१९ ला सुरू झालेत. कॅरिबियन बीच नावाच्या स्टेशनला उतरून पाळणा बदलावा लागतो.

एपकॉट ते मॅजिक किंगडम: मोनोरेल, पण ही पण थेट नाही. मधे टिकेट अँड ट्रान्सपोर्टेशन सेंटर नावाचं ठिकाण आहे, सगळे त्याला टीटीसी म्हणतात, तिथे उतरून दुसरी मोनोरेल नाहीतर तळ्यातली फेरीबोट. दादरला उतरून वेस्टर्नची सेंट्रल करतो ना तसंच, फक्त जिना आणि धक्काबुक्की कमी.

५. गाडी कुठे ठेवायची

यावर कुणी बोलत नाही आणि रात्री अकरा वाजता हेच रडवतं. पार्किंगचे पैसे दिवसातून एकदाच भरायचे, तीच पावती चारही पार्कांना चालते, डिस्नेच्या हॉटेलात राहिलात तर पार्कचं पार्किंग फुकटच. म्हणून सगळे काय करतात, सकाळी गाडी ॲनिमल किंगडमला लावतात आणि पुढे बस, पाळणे, मोनोरेल करत जातात. मी पण तेच केलं. मॅजिक किंगडमच्या दारातून परत फिरून एपकॉटची आतषबाजी बघितली आणि बाहेर आल्यावर लक्षात आलं की ॲनिमल किंगडम केव्हाच बंद झालंय, तिकडे आता बस नाही. मग टॅक्सी करून स्वतःच्याच गाडीपर्यंत गेले. त्या अंधाऱ्या, रिकाम्या पार्किंगमध्ये माझी गाडी एकटी उभी होती, अगदी कीव आली.

तर तीन रस्ते आहेत. सगळ्यात चांगला, आदल्या रात्री डिस्नेच्याच स्वस्तातल्या एखाद्या हॉटेलात रहा आणि गाडीला दिवसभर हात लावू नका. आम्ही दुसऱ्यांदा पॉप सेंचुरीला राहिलो, हॉटेलची बस सकाळी सोडते आणि रात्री मॅजिक किंगडमच्या दारातून उचलते. वर हॉटेलवाल्यांना रोज पार्क उघडायच्या अर्धा तास आधी आत सोडतात, आणि त्या अर्ध्या तासाची किंमत मी तुम्हाला पुढे सांगते. दुसरा रस्ता, सकाळी टॅक्सीनं या. तिसरा, गाडीच आणायची असेल तर ॲनिमल किंगडम झाल्यावर ती काढून टीटीसीच्या पार्किंगला लावा आणि तिथून हॉलिवूड स्टुडिओजची बस पकडा. अर्धा-पाऊण तास जातो खरा, पण रात्री मॅजिक किंगडमहून बोटीनं किंवा मोनोरेलनं टीटीसीलाच यायचं असतं, उतरलात की गाडी समोर. आणि कुठल्या रांगेत लावली त्याचा फोटो काढा, "लक्षात राहील" म्हणणाऱ्याचं राहत नाही.

६. लायटनिंग लेन म्हणजे काय आणि घ्यायची का

लालबागच्या राजाला नवसाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी, तसं इथे साधी रांग आणि लायटनिंग लेन, फरक इतकाच की इथे पैसे उघड मोजून घेतात. जुलै २०२४ पासून त्याचे मुख्य दोन प्रकार आहेत. मल्टी पासमध्ये आधी एका पार्कातल्या तीन राईडच्या वेळा बुक करायच्या, त्यातली पहिली वापरली की चौथी निवडता येते आणि ती दुसऱ्या पार्कातली पण चालते. सिंगल पास म्हणजे एकेका फारच मागणी असलेल्या राईडचे वेगळे पैसे, दिवसाला जास्तीत जास्त दोन. दोन्हीचा भाव दिवसागणिक बदलतो.

चार पार्कांच्या दिवशी मल्टी पास घ्याच, मी एरवी असल्या खर्चाला नावं ठेवते पण इथे नाही. माझी युक्ती अशी: आधीच्या तीन राईड हॉलिवूड स्टुडिओजच्या घ्यायच्या. ॲनिमल किंगडमला सकाळी लवकर पोचलात तर तिथे गरज पडत नाही. त्या तीनातली पहिली वेळ ११ च्या आसपासची घ्या, उशिराची नको, कारण ती वापरेपर्यंत एपकॉटचं काही बुक करता येत नाही आणि तोपर्यंत चांगलं सगळं संपतं. एक वापरली की रांगेत उभं राहूनच पुढची निवडायची. हे काम एकाकडेच द्या, आमच्याकडे १३ वर्षांच्या भाच्याकडे दिलं होतं, त्यानं आयआरसीटीसीच्या तत्काळवाल्यांना लाजवेल असं काम केलं.

बुकिंग डिस्नेच्या हॉटेलवाल्यांना ७ दिवस आधी, बाकीच्यांना ३ दिवस आधी, सकाळी ७ ला उघडतं. हे ७ फ्लोरिडाचे बरं का. भारतातून करत असाल तर उन्हाळ्यात दुपारी साडेचार, हिवाळ्यात साडेपाच.

७. बरोबर काय घ्यायचं

- सगळ्यांची तिकिटं एकाच माणसाच्या ॲपमध्ये जोडलेली, आणि त्यांचे स्क्रीनशॉट दुसऱ्या एकाच्या फोनमध्ये
- फोटो असलेलं ओळखपत्र, तिकिटावरचं नाव आणि त्यावरचं नाव एकच हवं
- पॉवर बँक, माणशी एक नाही तर दोघांत एक, ॲप दिवसभर बॅटरी खातं
- पाण्याची बाटली (काच नको), आणि खाण्याच्या काउंटरवर नुसतं पाणी मागितलं तर बर्फाच्या पाण्याचा ग्लास फुकट मिळतो
- पातळ रेनकोट घरूनच, आत महाग
- मोज्यांचा जास्तीचा जोड, बँडएड, सनस्क्रीन, टोपी
- जुने, वापरून मऊ झालेले बूट. नवीन बूट अजिबात नाही, वहिनीनं खास अमेरिकेसाठी घेतले होते, पुढे काय झालं ते शेवटी
- घरचं खाणं

घरचं खाणं चालतं का हे मला दर वेळी विचारतात. चालतं. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिवडा, सुकी भाजी, काहीही. काचेची बरणी आणि सुटा बर्फ चालत नाही, म्हणजे लोणचं प्लॅस्टिकच्या डबीत. सेल्फी स्टिक पण गेटवरच अडवतात. आत घ्यायचं असेल तर मेनूत हिरव्या पानाची खूण असते, ते प्लांट-बेस्ड, म्हणजे मांस, दूध, अंडं काहीच नाही. नुसतं व्हेजिटेरियन समजून घेतलेल्यात अंडं निघू शकतं, आई त्यासाठी प्रत्येक ठिकाणी हिरवं पान शोधायची. जेवण काउंटरला रांग लावून घेऊ नका, ॲपवरून आधी ऑर्डर करा आणि वेळ झाली की उचला.

८. प्रत्यक्ष दिवस

*ॲनिमल किंगडम, उघडल्यापासून साडेदहापर्यंत.* उघडायच्या वेळेला नाही, त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी गेटवर हवं. आत शिरलं की एकाही दुकानाकडे न बघता पँडोराकडे (अवतार सिनेमाचा भाग), तिथली फ्लाइट ऑफ पॅसेज राईड. २०१७ पासून आहे आणि अजून सकाळी सगळी जनता तिकडेच पळते, म्हणून हॉटेलवाल्यांचा तो अर्धा तास. आम्ही साध्या रांगेत २५ मिनिटांत बसलो, तासाभरानं बोर्डावर १०५ मिनिटं लिहिलेलं होतं. उंची ११२ सेंमी लागते. सहा वर्षांची भाची बसत नव्हती, अशा वेळी रायडर स्विच मागायचा, म्हणजे अर्धे जण आधी जातात, बाकीचे मुलाला सांभाळतात आणि नंतर पुन्हा पूर्ण रांग न लावता बसतात. रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधीच सांगायचं, नंतर नाही.

मग लगेच सफारी, उघड्या ट्रकमधून साधारण वीस मिनिटं, जिराफ अगदी जवळ येतो. वेळ उरला तर एव्हरेस्टची राईड, तिथे एकट्यानं बसणाऱ्यांची वेगळी रांग आहे, ती पटपट सरकते, पण सगळे वेगवेगळ्या डब्यात. हा सगळा आशियाचा भाग म्हणजे आनंदपूर नावाचं काल्पनिक राज्य, तिथल्या नदीचं नाव चक्रनदी आणि एव्हरेस्टची गाडी आनंदपूरच्या राजेशाही चहा कंपनीची. आई म्हणाली, इतक्या लांब येऊन शेवटी आनंदपूर. त्या राईडमधला यती २००६ ला सुरुवातीला खरा हलायचा, नंतर अडकला तो अडकलाच, आता दिवे उघडझाप करून तो हलल्यासारखा दाखवतात. वर डोळे उघडे ठेवलेत तरच दिसेल.

साडेदहाला बाहेर. इथे रेंगाळलात तर पुढचं सगळं घसरतं. बसची वाट धरून हॉलिवूड स्टुडिओजच्या दारात पोचायला पाऊण तास धरा.

*हॉलिवूड स्टुडिओज, सव्वाअकरा ते दोन.* हे चौघांत चालायला सगळ्यात सोपं. मल्टी पासवर स्लिंकी डॉग (९७ सेंमी), टॉवर ऑफ टेरर (१०२ सेंमी) आणि टॉय स्टोरी मेनिया, या शेवटच्याला उंचीची अट नाही, त्यामुळे भाची अखेर खूश. राईज ऑफ द रेझिस्टन्स ही स्टार वॉर्सची राईड बघायचीच असेल तर सिंगल पास घ्या, दुपारी तिच्या साध्या रांगेत उभं राहिलात तर तुमचं एक अख्खं पार्क त्या रांगेत गेलं समजा. जेवण इथेच, थंड जागी बसून, कारण पुढे बसायला मिळत नाही.

*पाळणे.* दहा जण बसतात एकात, एसी नाही पण चालू असताना वारा येतो. विजा असतील तर बंद करतात. मग दोन पर्याय, बोट, नाहीतर चालत, वर म्हटलं ती एक जोडी हीच, कालव्याच्या कडेनं पाऊलवाट आहे, अर्ध्या तासाच्या आत होते. ऊन नसेल तर बरी वाट आहे.

*एपकॉट, पावणेतीन ते साडेसहा.* पाळण्यानं गेलात की तुम्ही एपकॉटच्या मागच्या दारानं शिरता, फ्रान्स आणि ब्रिटनच्या मधे. उजवीकडे फ्रान्स, तिथे उंदराची रेमी राईड, उंचीची अट नाही. तिथून तळ्याभोवती अकरा देशांची प्रदक्षिणा आहे, साधारण दोन किलोमीटर, आणि हाच इथला सापळा, कारण "आलोच आहोत तर सगळे देश बघू" असं कुणीतरी म्हणतंच. दोन तास जातात. भारत त्यात नाही, हे आधीच सांगून टाका, मामेभाऊ तो शोधत मोरोक्कोपर्यंत गेला होता. फ्रान्स करून डावीकडे फिरा, ब्रिटन, कॅनडा करत पुढच्या भागात या, कारण मोनोरेल पुढच्या दारातून आहे.

पुढच्या भागात मोठ्या मुलांसाठी कॉस्मिक रिवाइंड (१०७ सेंमी), आणि बाकीच्यांसाठी मी आवर्जून सांगेन ती लिव्हिंग विथ द लँड. बोटीत बसून साधारण पंधरा मिनिटं ग्रीनहाऊसमधून फिरवतात, मातीशिवाय वाढवलेल्या भाज्या, वेलींना लटकलेली फळं. रांग बहुतेक वेळा छोटी. माझा मामेभाऊ द्राक्षबागायतदार, त्याला अख्ख्या डिस्नेत हेच आवडलं, बोटीतून उतरल्यावर ड्रिपवर जे सुरू झाला ते मोनोरेल येईपर्यंत. शेवटी दाराजवळच्या मोठ्या गोलात, स्पेसशिप अर्थमध्ये, पंधरा मिनिटं पाय पसरून बसा. राईड कमी आणि एसीतला आराम जास्त.

*मॅजिक किंगडम, सव्वासातपासून बंद होईपर्यंत.* मोनोरेल बदलून पोचायला पाऊण तास धरा. एक मोनोरेल सुटली तर बोटीनं जा, संध्याकाळी तळ्यातून किल्ल्याचे दिवे दिसायला लागतात, आई त्या बोटीत पहिल्यांदा म्हणाली की आले ते बरं झालं. आत गेल्यावर पार्कचा एकच कोपरा धरा, सगळीकडे धावू नका. आम्ही हाँटेड मॅन्शन आणि पायरेट्स या दोन राईड केल्या. ट्रॉनची राईड हवी असेल तर १२२ सेंमी उंची आणि बहुतेक दुसरा सिंगल पास.

आतषबाजी साधारण अठरा मिनिटांची. किल्ल्याच्या अगदी पुढ्यात जागा धरायची तर तासभर आधी बसावं लागतं, तो तास आज तुमच्याकडे नाही. मेन स्ट्रीटवर, म्हणजे दारापासून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मागे उभं रहा, तिथून किल्ला आणि आकाश दोन्ही दिसतं, आणि लहान पोरं खांद्यावर घेता येतात. ज्यांना आतषबाजीचं काही नाही त्यांनी त्या वेळात राईड करा, रांगा ओसरतात. आणि हे लक्षात ठेवा, बंद व्हायच्या वेळेच्या एक मिनिट आधी जरी साध्या रांगेत शिरलात तरी बसवतात. आमची चौथ्या पार्कातली दुसरी राईड अशीच झाली.

९. परतताना

आतषबाजी संपली की सगळं गाव एकदम दाराकडे निघतं, विसर्जनानंतर लक्ष्मी रोडवर होतं तसं. त्यात शिरू नका. मेन स्ट्रीटची दुकानं पार्क बंद झाल्यावरही थोडा वेळ उघडी असतात, तिथे अर्धा तास काढा. टॅक्सी करायची असेल तर ती मॅजिक किंगडमच्या दारात येत नाही, टीटीसीला येते. त्यापेक्षा बाहेर पडून कंटेम्पररी हॉटेलपर्यंत दहा मिनिटं चालत जा आणि तिथे बोलवा, मोनोरेलची ती सगळी रांग चुकते.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान ठेवू नका. मामेभावानं ठेवलं होतं, सव्वासातचं, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. हॉटेलवर पोचायला साडेबारा झाले, पहाटे चारला उठलो, आणि एअरपोर्टच्या सिक्युरिटीला बूट काढायची वेळ आली तेव्हा वहिनीला काढायचं काही नव्हतंच, ती आईच्या स्लिपर घालून आली होती आणि नवे बूट पिशवीत होते.